दोन सांध्यांचं एक बटण

५ जानेवारी, सोमवार

दादाने आज तीन चमचे दूध घेतलं. चौथ्याला ओठ मिटले ते मिटलेच. काल पाच घेतले होते.

परवा आलो तेव्हा त्याला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. पहिल्या झटक्यात उजवी बाजू आणि वाचा गेली, तीन आठवड्यांनी दुसऱ्यात डाव्या हाताचं बळ गेलं. उरलं आहे ते डाव्या हाताचं पहिलं बोट. समज मात्र शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणतात. मला ते डोळ्यांत दिसतं. पण ते डोळे आता भिंतीकडे असतात.

वजन असंच उतरत राहिलं तर वीस तारखेला नाकातून नळी घालायची, असं ठरलं आहे. पहिल्या खेपेला त्याने ती नळी दोनदा उपसून काढली होती, म्हणून त्याचा डावा हात पलंगाला बांधला होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी त्यांना पुन्हा बांधू देणार नाही. घरीच जे व्हायचं ते होऊ दे." हे त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, मान वर न करता.

माझी रजा एकोणीसपर्यंत.

प्रार्थना केली. त्याच्या हातून झालेल्या त्या एका चुकीची क्षमा मी गेली सव्वीस वर्षं मागत आलो आहे. आज वाटलं, वरचं दप्तर फार सावकाश चालतं.

६ जानेवारी, मंगळवार

व्यायाम करून घेणारी मुलगी येऊन गेली. तिने दादाला एक खूण शिकवली आहे. बोट एकदा टेकवलं तर हो, दोनदा टेकवलं तर नाही. आज तिने विचारलं, "काका, मला कंटाळलात का?" दादाने एकदा टेकवलं. ती हसली, म्हणाली, "खरं बोलतात, हे बरं आहे."

जाताना मला जिन्यात म्हणाली, "ह्यांना जगण्यासाठी बोट नाही, कारण पाहिजे. काहीतरी शोधा, जे त्यांना हवंसं वाटेल."

मी दिवसभर शोधत होतो. रेडिओ लावला, डोळे मिटले. जुने फोटो दाखवले, डोळे मिटले. संध्याकाळी वहिनींनी केर काढायला मधलं दार उघडलं आणि त्याची नजर त्या दारातून पलीकडे गेली. पलीकडच्या खोलीत टेबलावर त्याची रेल्वे आहे.

निवृत्तीनंतर त्याने ती मांडली. एकात एक असे रुळांचे दोन वळसे, आणि मध्ये त्या दोघांना जोडणारे दोन सांधे. बाहेरच्या रुळावरची गाडी आतल्या रुळावर घ्यायची तर दोन्ही सांधे एकाच वेळी वळायला हवेत. एक वळला आणि दुसरा सरळ राहिला तर गाडी पडणारच. दादा दोन हातांनी दोन छोटे दांडे एकदम ओढायचा. नोकरीत सांधेवालाच होता तो, यार्डातल्या केबिनमध्ये.

वहिनी म्हणाल्या, "मी कितीदा म्हटलं, तुमचा भाऊ वायरमन आहे, विजेवर करून घ्या. तर म्हणायचे, सांध्याला तार नको, हातच बरा."

वायरमनचा भाऊ असं म्हणतो. मला थोडं लागलं, खोटं कशाला लिहू.

८ जानेवारी, गुरुवार

काल पलंग फिरवून घेतला, आता त्याला दारातून टेबल दिसतं. खेळण्यांच्या गाड्यांच्या दुकानातून सांध्याच्या दोन मोटारी आणल्या. मोटारी म्हणजे काय, अंगठ्याएवढ्या दोन कॉइल शेजारी शेजारी. एकीत वीज सोडली की मधली दांडी इकडे येते, दुसरीत सोडली की तिकडे जाते. दांडी सांध्याच्या पात्यांना जोडलेली. दोन्ही मोटारींच्या तारा एकत्र करून पलंगापर्यंत न्यायच्या, आणि दादाच्या हाताखाली एक पेटी ठेवायची. पांढरं बटण सरळ जाण्यासाठी, लाल बटण रूळ बदलण्यासाठी. एका बोटात दोन्ही सांधे.

दादाला सांगितलं. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण भिंतीकडे तोंड केलं नाही.

टेबलाखाली उताणा पडून काम करताना जुनी गोष्ट आठवली. मी तेवीस वर्षांचा होतो. दादाच्या शब्दावर ठेकेदाराने मला घेतलं आणि त्याच्याच यार्डात सांध्यांच्या मोटारी बसवायला पाठवलं. अशीच जोडी होती, फक्त एकेक मोटार बैलाएवढी. दोन दिवसांचं काम मी एका दिवसात उरकलं, कारण मला गावी जायची पाचची बस गाठायची होती. दादा म्हणाला होता, थांब, दोघं मिळून चालवून बघू. मग माझं तोंड बघून म्हणाला, "जा. तूच जोडलंयस म्हणजे बघायला नको." ठेकेदाराने पाठ थोपटली. ते सांधे आठवडाभर कुणाला लागलेच नाहीत. पहिल्यांदा लागले त्या दिवशी दादाच्या हातून ते घडलं. चाकं सांध्यावर असतानाच त्याने खटका ओढला म्हणून डबे घसरले, असा निकाल झाला. एकाचा पाय गेला. दादाला केबिनमधून काढून लांबच्या एका फाटकावर टाकलं, ते निवृत्तीपर्यंत.

चौकशीत तारासुद्धा तपासल्या होत्या. बरोबर निघाल्या. घरावर एवढं दुःख असताना मला त्याचा अभिमान वाटला होता, तेवढा वाटायला नको होता.

आजचा निकाल: बटण दाबलं की एक सांधा वळतो, दुसरा नुसता गुरगुरतो. वीज दोघांना पुरत नाही. दूध चार चमचे.

१० जानेवारी, शनिवार

वाईट दिवस.

मोठा ट्रान्सफॉर्मर लावला. माझ्या बोटाने दोन्ही सांधे वळले. पेटी दादाच्या हाताखाली ठेवली. त्याने बोट टेकवलं, दाबलं, आणि ते तिथेच राहिलं. नुसतं टेकवणं जमतं, पण जोर लावून दाबल्यावर त्याला ते उचलता येईना. ह्या कॉइलना वीज क्षणभरच चालते. मी टेबलाकडून पलंगाकडे धावेपर्यंत धूर निघाला होता. मी त्याचं बोट धरून उचललं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्याने तिथे उभं राहवेना.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुरे करा आता. धड माणसाला जमत नाही ते आजाऱ्याच्या माथी कशाला मारताय?"

थोड्या वेळाने दीडपाय आले. ज्यांचा पाय त्या अपघातात गेला ते हेच, यार्डात डबे जोडणारे शंटर. दीडपाय हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलेलं. सव्वीस वर्षं दर शनिवारी दादाकडे येतात. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. चार वाजता जिन्यावर काठी वाजली आणि दारातूनच म्हणाले, "काय धाकटे, भावाला भाजताय का? खालपर्यंत वास येतोय."

मग काठी टेबलाला टेकवून ते सांध्यांकडे बघत उभे राहिले. "ही जोडी ओळखली मी. हिनेच माझा पाय खाल्ला."

दादाच्या कानावर जाऊ नये म्हणून ते हळू बोलत होते.

"तुम्हाला एक सांगतो. मी पडलेलो रुळाशेजारी. तुमच्या भावाने अंगातला शर्ट काढून माझी मांडी करकचून बांधली. डोळ्यांतून पाणी चाललेलं. आणि लोक जमायच्या आत हा बाबा पाना घेऊन गेला आणि मोटारीचा डबा उघडून बसला. मी ओरडलो, अरे, पाय माझा तुटलाय, तू तिकडे काय जोडतोयस? तर म्हणाला, नट ढिला होता."

"चौकशीत सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? घाबरलेला माणूस काहीही करतो. माझ्या बायकोने घराला आग लागली तेव्हा आधी लोणच्याची बरणी बाहेर काढली होती."

खरं आहे. भेदरलेल्या माणसाला हातांना काहीतरी चाळा लागतो. मला दादाची फार दया आली. मनातल्या मनात त्याला पुन्हा एकदा माफ केलं.

दूध दोन चमचे. दुसरा बाहेर आला.

११ जानेवारी, रविवार

एक चमचा. तोंड भिंतीकडे.

देवा, मला मार्ग दाखव असं म्हणायचीही लाज वाटते. मार्ग म्हणजे काय, एक खेळणं.

१३ जानेवारी, मंगळवार

दाढी करताना सुचलं. पाण्याच्या पंपाची मोटार एकदम उचल घेत नाही, म्हणून तिला कपॅसिटर लावतात. पंचवीस वर्षं मी ते बसवतो आहे आणि माझ्या घरच्या कामाला ते आठवलं नाही. कपॅसिटर म्हणजे विजेचा हंडा. सावकाश भरतो, आणि बटण दाबलं की सगळा एकदम ओततो. दोन्ही मोटारींना एकाच दणक्यात पुरेल. आणि मुख्य म्हणजे बोट बटणावर तासभर राहिलं तरी ओतून झालेल्या हंड्यात जळायला काही नाही. बोट उचललं की दोन सेकंदांत पुन्हा भरतो.

जळालेल्या मोटारीच्या जागी नवी आणली. तारा पुन्हा पहिल्यापासून ओढल्या. दिवसभर टेबलाखाली. पाठ लाकूड झाली आहे.

खाली उताणं पडलं की वरचं डावं खालून उजवं दिसतं, त्यामुळे प्रत्येक तारेला थांबून विचार करावा लागतो. शाळेची आठवण झाली. पहिलीत मला डावं-उजवं कळेना. गुरुजी समोर उभे राहून उजवा हात वर करायचे, मी त्यांच्या हातासमोरचा हात वर करायचो आणि मार खायचो. दादा तेव्हा अठरा वर्षांचा. त्याने मला अंगणात नेलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, "समोरासमोर उभं राहिलं की माणसं उलटी होतात. आता बघ, तुझा माझा उजवा एकीकडेच." त्यानंतर मी कधी चुकलो नाही.

दूध तीन चमचे. कपॅसिटरचं सांगितल्यावर त्याने बोट एकदा टेकवलं. हो.

१५ जानेवारी, गुरुवार

हे कसं लिहावं कळत नाही.

दुपारी सगळं जुळलं. दादाने पांढरं बटण दाबलं, मग लाल. टक. दोन सांध्यांचा मिळून एकच आवाज. बोट बटणावर राहिलं, तरी काही जळलं नाही. त्या एका आवाजाने मला इतका आनंद झाला की पात्यांकडे मी वाकून पाहिलंही नाही. इंजिन आणि तीन डबे बाहेरच्या रुळावर ठेवले. गाडीचं बटण वहिनींच्या हातात दिलं.

गाडी आली. पहिल्या सांध्याने तिला आत वळवलं आणि दुसरा सरळच होता. इंजिन चढलं, कलंडलं, दोन डबे घेऊन आडवं झालं.

ह्या माणसाच्या डोळ्यांदेखत हेच घडवून दाखवायचं होतं मला? मी मागे वळायला धजेना. तेवढ्यात आवाज आला. घशातून, घोगरा, तुटक तुटक. वहिनी ओरडल्या, "अहो, काय होतंय?" मी पाहिलं तर दादाचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. पडलेल्या गाडीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा हसायचा. दहा आठवड्यांत हा त्याचा पहिला आवाज.

मग त्याने दूध घेतलं. नऊ चमचे.

वहिनी आत जाऊन रडून आल्या, आनंदाने. मला मात्र भीती वाटते आहे. अपघात बघून जो माणूस हसतो त्याचं डोकं ठिकाणावर आहे का? समज शाबूत आहे म्हणत होते. तीही गेली असेल तर मी बोट घेऊन काय करू?

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी टेबलाखाली गेलो. चूक सापडायला दोन मिनिटं लागली.

दोन्ही मोटारींना मी डावीकडची तार डावीकडे आणि उजवीकडची उजवीकडे जोडली होती. पण ही जोडी एकमेकींसमोर तोंड करून असते, एक ह्या रुळाची, एक त्या रुळाची. एकीचं डावं ते दुसरीचं उजवं. समोरासमोर उभं राहिलं की माणसं उलटी होतात. पहिल्या दिवशी आणि शनिवारी मी एकेक मोटार चालवून, बघून जोडली होती. ह्या वेळी घाई होती, तेव्हा हातांना जी सवय तसं केलं.

हातांना जी सवय.

मी तिथेच पडून राहिलो. वर टेबलाची फळी, तिच्यात खिळ्यांची टोकं. मला पाचची बस दिसली. यार्डातल्या दोन मोटारी दिसल्या, रुळांच्या दोन अंगांना, एकमेकींकडे तोंड करून. एकीचा डबा बंद करून मी रूळ ओलांडला आणि दुसरीशी बसलो. तेव्हा मी काय विचार केला होता? काही नाही. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. चालवून पाहिलं नव्हतं. दादा म्हणाला होता, तूच जोडलंयस म्हणजे बघायला नको.

आणि तो पाना घेऊन डबा उघडायला गेला तो कशासाठी, हे सांगायला आता दीडपायांची गरज नव्हती. चौकशीवाले यायच्या आत त्याने माझ्या तारा सरळ केल्या. म्हणून त्या बरोबर निघाल्या. म्हणून मग चूक खटका ओढणाऱ्याची ठरली.

तारा बदलल्या. दोन्ही सांधे बोटाने दाबून, डोळ्यांनी बघून, दहादा चालवले. मग हात धुतले. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. मी पलंगाजवळ खुर्ची ओढली.

"दादा, यार्डातल्या त्या तारा. मी उलट्या जोडल्या होत्या ना?"

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. हात पेटीवरच होता. बोट हललं. लाल बटण. टक. पलीकडे दोन्ही सांधे एकदम वळले.

एक म्हणजे हो.

मी उठणार तेवढ्यात दिसलं की बोट अजून चालतं आहे. लाल बटणापासून पांढऱ्यापर्यंत दोन इंचांचं अंतर. नख पेटीच्या लाकडावर खरखरत होतं. मध्येच थांबायचं, पुन्हा निघायचं. त्याच्या कपाळावर घाम आला. मला हात पुढे करून मदत करता आली असती. केली नाही. त्या दोन इंचांत माझी सव्वीस वर्षं होती आणि मला वाटत होतं, बोट थकावं, थांबावं, आणि पहिलं उत्तरच खरं राहावं.

टक. सांधे सरळ झाले.

दोन म्हणजे नाही.

दादाने डोळे मिटले, पाळी संपवून घरी आलेल्या माणसासारखे.

मी म्हटलं, "बरं."

दुपारी वहिनींनी दूध दिलं. आठ चमचे. प्रार्थनेला बसलो आणि नेहमीच्या ओळीशी येऊन अडलो. पुढे गेलो नाही. तसाच उठलो.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी सहा चमचे. डॉक्टर म्हणाले, वजन थांबलं आहे, पण वाढलं नाही. वीस तारीख अजून तशीच आहे.

दुपारी दादाला सांगून टाकलं. दीडपाय येतील तेव्हा मी त्यांना सगळं सांगणार. आणि त्यांना सांगितलं की वहिनींना.

त्याचं बोट चालू झालं. लाल, मग ते घासत घासत पांढऱ्यावर. पुन्हा लाल. पुन्हा पांढरं. हंडा भरायला दोन सेकंद लागतात तेवढाही त्याला धीर नाही. कधी बटण रिकामंच दाबलं जातं, मग परत दाबतो. टक, टक. टक, टक. नाही. नाही. त्या मुलीने महिनाभर करून घेतला नसेल एवढा व्यायाम त्या बोटाला एका तासात झाला.

वहिनी आतून आल्या. आवाज ऐकून त्यांनी आपणच गाडी सुरू केली आणि दारात उभ्या राहिल्या. गाडी आत येते, बाहेर जाते, आत येते. एकदाही पडली नाही. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून. बघा ना, कसे लहान मुलासारखे खेळतायत."

दादा माझ्याकडे बघतो आहे. गाडीकडे त्याने एकदाही पाहिलेलं नाही.

चार वाजले. जिन्यावर काठी वाजते आहे. दोन पायऱ्या, थोडा दम, पुन्हा दोन पायऱ्या. वही मिटतो.